ड्रोन आला, दंड वाढला. पण समुद्रातला तंटा मिटवायला साहेबांना शिकवणार कोण?

वसई : पाचूबंदर, नायगाव किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कुठल्याही तांडेलाशी बोलायला बसा. मासळी कमी झाली, डिझेल महागलं, खलाशी मिळत नाहीत, हे सगळं बोलून झालं की विषय हमखास कवींवर येतो. आणि कवींचा विषय निघाला की आवाज चढतो. सातपाटी, मुरबे, डहाणूकडे जा, तिथेही तेच. फरक एवढाच, की तिथे राग वसईकरांवर असतो आणि इथे पालघरकरांवर.

कव म्हणजे काय हे बंदरावरच्या पोरालाही ठाऊक आहे. पण वाडा, जव्हार, विक्रमगडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकायचे आणि त्यांना दोराने डोल जाळं बांधायचं. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे असतं. उधाणाचं पाणी जोरात वाहतं आणि बोंबील, करंदी, जवळा मागच्या पिशवीत जाऊन बसतात. वसई, अर्नाळा, उत्तन या पट्ट्यातली घरं पिढ्यान् पिढ्या या डोलीवर जगली.

सातपाटीकडची पद्धत वेगळी. तिथे दालदी, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारं जाळं. त्यात पापलेट, दाढा, घोळ मिळते. वाहत्या जाळ्याला मोकळं पाणी लागतं. खुंट मध्ये आला की जाळं अडकतं, फाटतं आणि रात्रभराची मेहनत तर जातेच, वर जाळ्याचे पैसेही जातात. डोल बांधलेली नसली तरी खुंट खाली उभाच असतो.

पालघर-डहाणूच्या मच्छीमारांचं म्हणणं असं, की वसई-उत्तनकडच्यांनी आमच्या समोरच्या समुद्रात येऊन कवी मारल्या आणि आमची जाळी वाहायला जागाच उरली नाही. वसईकरांचं म्हणणं असं, की आमच्याकडे राज्याचा परवाना आहे, किनाऱ्याजवळचं पाणी आणि खाड्या खराब झाल्या, मासळी लांब गेली म्हणून आम्हीही लांब गेलो. समुद्र काय कोणाच्या सातबाऱ्यावर आहे का? दोघांचं ऐकलं तर दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे मिटलेला नाही.

आता प्रश्न असा, की हा वाद मिटवायचा कोणी? आणि ज्यांनी मिटवायचा, त्यांना तो मिटवायला कोणी शिकवलंय का?

सरकारने काय काय केलं

गेल्या काही वर्षांत सरकारने समुद्रासाठी काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. ओळीने बघू.

- महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. दंड लाखांत गेले.
- एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. पर्ससीनवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने कडक मर्यादा आणल्या.
- सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही.
- ९ जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोनची नजर सुरू झाली. आपल्याकडे शिरगाव आणि शेजारी उत्तन त्यात आहे.
- एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचं ठरवलं.
- नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ सागरी मैलांपलीकडच्या पाण्यासाठी नियम काढले. यांत्रिक नौकांना तिथे जायला पास लागणार आणि मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य मिळणार.

यादी मोठी आहे. पण नीट पाहिलं तर यातल्या बहुतेक गोष्टी चोर पकडण्याच्या आहेत. एलईडीवाला, परराज्यातला ट्रॉलर, बिनपरवाना पर्ससीन हे चोर. त्यांना पकडायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. ड्रोन त्यासाठी कामाचा आहे.

कवींच्या वादात मात्र चोर कोण? डोलवाल्याकडे परवाना आहे, दालदीवाल्याकडेही आहे. दोघंही पारंपरिक, दोघंही छोटे. ड्रोन वरून फोटो काढील. फोटोत एक खुंट दिसेल आणि एक बोट दिसेल. त्या पाण्यावर आधी हक्क कोणाचा, हे ड्रोन कसं सांगणार?

साहेबच आता न्यायाधीश

२०२१ च्या सुधारणेतली एक गोष्ट गावात फारशी बोलली गेली नाही. आधी समुद्रातल्या गुन्ह्याचा निवाडा तहसीलदार करायचे. मत्स्यव्यवसाय खात्याने प्रकरण न्यायचं, तहसीलदाराने सुनावणी घ्यायची. त्यात महिने जायचे, म्हणून बदल झाला आणि निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आला.

म्हणजे आता परवाना देणारं खातं तेच, तपासणारं तेच, दंड ठोकणारंही तेच. योजनांचे अर्ज आणि डिझेल परताव्याची कागदपत्रंही तिथूनच जातात. काम लवकर होतं हा फायदा आहेच. पण एवढी ताकद ज्या टेबलावर आली, त्या टेबलावर बसणारा माणूस कशात तयार झालेला आहे, हे विचारायला हवं.

हे अधिकारी बहुतेक लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. मत्स्यविज्ञानाचं शिक्षण असतं. माशाची जात, प्रजनन, तलावातली बीज साठवणूक, कोळंबी प्रकल्प, शीतगृह, अनुदानाचे नियम हे त्यांना पाठ असतं. पण दोन गावांच्या भांडणात मध्ये बसून बोलणं कसं काढायचं, समुद्रातल्या जागेचा नकाशा तांडेलांकडून कसा करून घ्यायचा, लोकांनी ठरवलेला नियम कायद्यात कसा बसवायचा, हे कोणत्या पेपरात असतं? एखादा अधिकारी स्वभावाने चांगला निघाला तर तो करतो. नाही निघाला तर पोलीस बंदोबस्त मागवतो. जिल्ह्याचा समुद्र कोणाच्या स्वभावावर सोडायचा का?

वर्सोव्याला शाळा आहे, फार जुनी

मत्स्य अधिकाऱ्यांना शिकवण्याची कल्पना नवीन नाही आणि लांबचीही नाही. नायगावहून लोकल धरली, अंधेरीला उतरलं आणि रिक्षा केली की वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ६ जून १९६१ रोजी ती सुरू झाली. हेतू सरळ होता : राज्या-राज्यांतल्या नोकरीत असलेल्या मत्स्य अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तेव्हा मदत केली होती. पुढे १९७९ मध्ये संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९६१ चा काळ आठवा. होड्यांना इंजिनं बसत होती. सुताची जाळी जाऊन नायलॉन येत होतं. देशाला मासळीचं उत्पादन वाढवायचं होतं. म्हणून अधिकाऱ्याला उत्पादन वाढवायला शिकवलं गेलं. किती बोटींना कर्ज दिलं, किती टन मासळी उतरली, यावर त्याचं काम मोजलं जायचं. तेव्हा ते बरोबरच होतं. समुद्रात मासळी भरपूर होती आणि बोटी कमी होत्या.

आज उलटं झालंय. बोटी भरपूर आणि मासळी कमी. आता काम उत्पादन वाढवण्याचं कमी आणि वाटून घेण्याचं, राखून ठेवण्याचं जास्त आहे. कामच बदललं, तर प्रशिक्षण जुनं ठेवून कसं चालेल?

आणखी एक गंमत बघा. खात्याची प्रशिक्षण केंद्रं आहेत, तिथे मच्छीमारांच्या पोरांना सहा महिने इंजिन, होकायंत्र, जाळी शिकवतात. म्हणजे मच्छीमाराने साहेबांकडून शिकायचं, ही सोय आहे. साहेबाने मच्छीमाराकडून शिकायचं, याची सोय कुठे आहे?

जगात या विषयावर बोलणं होऊन गेलं आहे. २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीने छोट्या मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. मासेमारी सांभाळायच्या निर्णयात छोट्या मच्छीमारांना, बायकांनासुद्धा, जागा द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्या देशाचं २०१७ चं राष्ट्रीय सागरी मत्स्य धोरणही लोकांना बरोबर घेऊन व्यवस्थापन करण्याचीच भाषा बोलतं. कागद आहेत. ते बंदरावर आणणारा माणूस तयार करायचा राहिलाय.

तुर्कस्तानातल्या चिठ्ठ्या

लोक मिळून समुद्र सांभाळतात हे ऐकायला छान वाटतं, पण होतं का असं कुठे? होतं. आणि आपल्या कवींच्या वादाला जवळचं उदाहरण तुर्कस्तानातलं आहे.

अलान्या नावाचं तिथे किनाऱ्यावरचं गाव. साधारण शंभर मच्छीमार, दोन-तीन माणसांच्या छोट्या बोटी. १९७० च्या आसपास तिथे जाळ्याच्या चांगल्या जागांवरून मारामाऱ्या व्हायच्या. मग तिथल्या सहकारी संस्थेच्या लोकांनी एक युक्ती केली. आधी सगळ्या जागांची नावानिशी यादी केली. दोन जागांमध्ये इतकं अंतर ठेवलं, की एकाचं जाळं दुसऱ्याची मासळी अडवणार नाही. दरवर्षी सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जी जागा येईल तिथून त्याने सुरुवात करायची. मग रोज प्रत्येकाने पूर्वेकडच्या पुढच्या जागेवर सरकायचं. जानेवारीनंतर उलट पश्चिमेकडे. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणारच. चोरी करायचं कारणच उरलं नाही, आणि कोणी केली तर ज्याचा त्या दिवशी नंबर तोच आधी पोहोचून ओरडणार.

यात सरकारचं काम किती? सगळ्यांनी सह्या केलेली यादी नगराध्यक्षाकडे आणि पोलिसांकडे ठेवायची, बस. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने अशा उदाहरणांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुर्कस्तान लांब वाटत असेल तर तमिळनाडूत या. पुलिकत सरोवरात ‘पाडू’ नावाची पद्धत आहे. तिथेही जागा वाटून घेतात आणि पाळीपाळीने मासेमारी करतात.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी तलावात तिसऱ्या काढणारे लोक आहेत. तिथे मच्छीमार, जिल्हा प्रशासन, मत्स्य खातं आणि शास्त्रज्ञ यांची मिळून परिषद आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढायच्या नाहीत. जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. किलोभर मांसात १,४०० पेक्षा जास्त नग बसतील इतक्या बारीक तिसऱ्या निर्यात करायच्या नाहीत. २०१४ मध्ये या मासेमारीला सागरी संवर्धनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलंच.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. नियम लोकांनी ठरवले किंवा लोकांबरोबर बसून ठरले, आणि सरकारी माणसाने त्याला आधार दिला. अधिकारी बाजूला हटला नाही आणि डोक्यावरही बसला नाही. हे जमणं हेच प्रशिक्षणाचं काम.

आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. कोणत्या घराची डोल कुठे, हे पूर्वी गावात ठरलेलं असायचं. नारळी पौर्णिमेआधी बोट लोटायची नाही, हा नियम कोणत्या कायद्याने आणला होता? तो कोळीवाड्यांचा होता. सरकारी बंदीही आधी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत असायची. आता ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. मच्छीमार संघटना आजही मागतात, की बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या. सरकारपेक्षा कडक नियम जे लोक स्वतः मागतात, त्यांना शिस्त नाही असं म्हणणारा अधिकारी काहीतरी शिकायचा राहिला आहे.

१३५ मिलिमीटरचं कोडं

कवीएवढाच अवघड दुसरा विषय म्हणजे लहान मासळी. नियमाप्रमाणे पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, सुरमई ३७० पेक्षा लहान नको. नियम चांगला आहे. पिल्लं मारली तर पुढच्या वर्षी काय पकडणार?

पण डोल जाळं मासा निवडत नाही. पाण्याबरोबर जे येतं ते पिशवीत येतं. बोंबील काढायला गेलेल्या जाळ्यात पापलेटची पिल्लं आली तर ती वर काढेपर्यंत मेलेली असतात. आता समजा, न शिकलेला अधिकारी बाजारात आला. तो पट्टी काढील, टोपलीतला मासा मोजील आणि समोर बसलेल्या मावशीला दंड लावील. मावशीने तो मासा पकडलेला नाही, जाळ्याचा आसही तिने ठरवलेला नाही. गावात राग पेटेल आणि पुढच्या वेळी लहान मासळी दुसऱ्या वाटेने जाईल. पिल्लं मरायची ती मरतीलच.

शिकलेला अधिकारी काय करील? तो आधी विचारील, पिल्लं कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पाण्यात जास्त येतात. हे तांडेलाला माहीत असतं आणि मावशीला त्याहून जास्त, कारण टोपली तिच्यासमोर ओतली जाते. मग तो म्हणेल, त्या पंधरा दिवसांत त्या जागेवरच्या डोली बंद ठेवता येतील का? मागच्या पिशवीचा आस थोडा मोठा करून दोन बोटींवर बघूया का? बोंबील किती सुटतात ते मोजूया. बोंबील फार सुटले तर सोडून देऊ. यात दंडाची पावती फाडावी लागत नाही, पण पिल्लं वाचण्याची शक्यता जास्त.

राज्य मासा म्हणून पापलेटचा मान सातपाटीकरांनी मागून घेतला. तो मासा वाचवायला डोलवाला वसईकर आणि दालदीवाला सातपाटीकर एका चटईवर बसायला हवेत. बसवणार कोण?

प्रशिक्षणात काय असावं

प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एसी हॉल, पडद्यावरची चित्रं, चहा-बिस्किट आणि शेवटी प्रमाणपत्र येतं. तसलं नको. पालघर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर निदान एवढं असावं.

१. बंदरावर मुक्काम. नव्या अधिकाऱ्याने रुजू झाल्यावर निदान पंधरा दिवस किनाऱ्यावर राहावं. एक अख्खं उधाण डोलीच्या बोटीवर आणि एक फेरी दालदीच्या बोटीवर. दोन्हीकडचं दुःख स्वतः बघितल्याशिवाय निवाडा देऊ नये.

२. बोली आणि माणसं. मांगेला, वैती, ख्रिस्ती कोळी, खाडीत बोकशी लावणारे, पाग फेकणारे आदिवासी, प्रत्येकाची मासेमारी वेगळी आणि बोलणंही वेगळं. सगळ्यांना एकच ‘मच्छीमार’ समजणं ही पहिली चूक.

३. समुद्राचा नकाशा. आज प्रत्येक बोटीवर जीपीएस आहे. तांडेलांबरोबर बसून कोणत्या कवी कुठे आहेत, दालदी कोणत्या महिन्यात कुठून कुठे वाहते, हे एका नकाशावर आणायला शिकावं. भांडण निम्मं तरी तिथेच कळेल.

४. बैठक चालवणं. ही कला आहे आणि ती शिकवता येते. मोठ्या बोटवाल्याचा आवाज मोठा असतो. खलाशी, विधवा बोटमालकीण, सुकट विकणारी बाई मागे बसलेली असते. तिचं म्हणणं कागदावर आलं पाहिजे.

५. करार लिहिणं. नियम काय, कोणी मोडला तर पहिल्यांदा काय, दुसऱ्यांदा काय, तक्रार कोणाकडे, पुन्हा कधी तपासायचं. साध्या मराठीत, दोन पानांत.

६. कायद्याचा उपयोग. कोणत्या पाण्यात, कोणत्या जाळ्याने, कधी मासेमारी करायची यावर बंधन घालायचा अधिकार सागरी नियमन कायद्यात राज्याला आहे, आणि त्याची कारणं देताना पारंपरिक मच्छीमारांचं हित हे एक कारण आहे. लोकांनी मिळून ठरवलेलं या अधिकारात कसं बसवायचं, हे अधिकाऱ्याला यायला हवं. नाहीतर गावाने केलेला करार पहिल्याच भांडणात वाऱ्यावर जातो.

शिकवायला वर्सोव्याची संस्था आहे, रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मासळीचा अभ्यास करणारी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. आणि गुरुजी म्हणून मानधन देऊन बसवावेत असे तांडेल तर आपल्या प्रत्येक बंदरावर आहेत.

अडचणी पण बघू

एवढं सांगून सगळं गोड होईल असं नाही. तीन अडचणी सरळ दिसतात.

पहिली, बदली. सरकारी अधिकाऱ्याचा एका जागेचा साधारण कालावधी तीन वर्षं. पहिलं वर्ष ओळखीत जातं, दुसऱ्यात काम सुरू होतं, तिसऱ्यात बदलीची चाहूल. शिकलेला साहेब गेला की शिकवणं पण गेलं. म्हणून जे ठरेल ते साहेबाच्या डोक्यात न राहता सोसायटीच्या दप्तरात आणि खात्याच्या फायलीत राहिलं पाहिजे. नवीन येणाऱ्याला ती फाईल पहिल्या आठवड्यात वाचायला लागली पाहिजे.

दुसरी, दोन टोप्या. जो दंड ठोकतो त्याच्यासमोर कोण मन मोकळं करील? लहान मासळी कुठे मिळते हे सांगितलं आणि उद्या तोच पावती घेऊन आला तर? म्हणून बोलणी करणारा आणि कारवाई करणारा माणूस वेगळा असलेला बरा. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत किनाऱ्यावरच्या गावांसाठी ‘सागरमित्र’ ठेवायची तरतूद आहे. तो खातं आणि गाव यांच्यातला दुवा. पण त्याला फॉर्म भरण्यात आणि आकडे पाठवण्यातच जुंपलं तर दुवा कसला? हे प्रशिक्षण सगळ्यात आधी सागरमित्राला द्यायला हवं, कारण गावात रोज दिसणारा माणूस तो आहे.

तिसरी अडचण आपली स्वतःची. सगळ्याच सोसायट्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. कुठे एकाच घराण्याची सत्ता, कुठे मोठ्या बोटवाल्यांची. निवडणुकीचं राजकारण तर सगळीकडेच. ‘लोकांनी ठरवलं’ म्हणत चार जणांनी ठरवलं तर खाडीत पाग फेकणाऱ्याला काय मिळालं? लोकांच्या हाती व्यवस्थापन द्या म्हणताना लोक म्हणजे कोण, हे आपणही स्वतःला विचारलं पाहिजे.

आणि एक खरं, की किनाऱ्यावरचं सगळं दुखणं मच्छीमारांच्या आपसातलं नाही. कारखान्यांचं सांडपाणी आहे, शहराचा मैला आहे, वाढवण बंदराचा प्रश्न आहे. ७६ हजार कोटींहून मोठा हा प्रकल्प केंद्राने जून २०२४ मध्ये मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन पालघरला झालं. किनाऱ्यावरच्या अनेक गावांचा त्याला विरोध आहे. असल्या मोठ्या गोष्टी मत्स्य अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाने सुटणार नाहीत. पण एक लक्षात घ्या. मासेमारीची जागा कोणती, तिथे किती बोटी जातात, कोणत्या महिन्यात काय मिळतं, हे गावाने आणि खात्याने मिळून आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर उद्या भरपाईचा किंवा हरकतीचा प्रश्न आला की हाती कागद असेल. आज वाद झाला की प्रत्येक जण तोंडी सांगतो. तोंडी सांगितलेलं सरकारदरबारी कुठे टिकतं?

जून-जुलैचे ६१ दिवस

हे सगळं करायचं कधी? वेळ आपल्याकडे दरवर्षी येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात. जाळी दुरुस्त होतात, बोटी रंगतात. सगळे तांडेल गावात असतात. अधिकाऱ्यालाही समुद्रात गस्तीचं काम कमी असतं. प्रशिक्षण आणि बोलणी, दोन्हीसाठी याहून बरा काळ नाही.

तोपर्यंत सोसायट्यांना थांबायचं कारण नाही. वसईच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आपल्या सभासदांच्या कवींची यादी करावी : कोणाची, किती, कुठे, कधीपासून. सातपाटी-मुरब्याच्या संस्थांनी दालदीच्या पाण्याची तशीच यादी करावी. सर्वसाधारण सभेत ठराव करावा, की आमच्या बंदरावर येणाऱ्या अधिकाऱ्याला आणि सागरमित्राला हे प्रशिक्षण मिळालं पाहिजे आणि दोन्ही याद्या समोर ठेवून त्यांच्या हजेरीत संयुक्त बैठक झाली पाहिजे. ठरावाची प्रत सहायक आयुक्तांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आमदार-खासदारांना द्यावी. मासळी विकणाऱ्या बायकांच्या दोन-तीन प्रतिनिधी त्या बैठकीत असाव्यात, हेही ठरावातच लिहावं.

पहिल्या बैठकीत वाद मिटणार नाही. दुसऱ्यातही कदाचित नाही. एखादा छोटा पट्टा निवडून तिथे एका हंगामापुरतं ठरलं, इतक्या कवी राहतील, इतकं पाणी दालदीला मोकळं, तरी खूप झालं. हंगाम संपला की पुन्हा बसायचं आणि काय बरोबर गेलं, काय चुकलं ते बघायचं.

नारळी पौर्णिमेला वसईतही नारळ वाहतात आणि सातपाटीतही. समुद्र दोघांचा एकच आहे. यंदा नारळाआधी दोन गावांच्या सह्यांचा एक कागद तयार व्हावा आणि त्यावर तिसरी सही अशा साहेबाची असावी, ज्याने दोन्ही बोटींवर एकेक रात्र काढली आहे.